उजनीच्या गाळात अमेरिकेची तोफबोट

सोलापूर जिल्ह्यात बोट बांधायला चाललोय म्हटल्यावर आमच्या वाडीत न हसलेला माणूस एकच, आमचे आबा. बाकीच्यांनी हौस भागवून घेतली. तिथं पाणी तरी आहे का? ज्वारीतून चालवणार काय? परत आल्यावर तर विचारूच नका. सगळ्यांना फोटो पाहायचे असतात आणि फोटोत बोट चिखलात उभी दिसते. एकेकाला समजावून घसा बसला. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. ज्याला हवं त्यानं वाचावं आणि मला कामाच्या वेळी शेडवर येऊन छळू नये.

आबा म्हणजे माझे मामा. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा घरात मला काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं. आबांनी विचारलं नाही की रागावले नाहीत, हातात रंधा दिला. त्याला आता वीस वर्षं झाली. आमच्या खाडीत त्यांच्या हातच्या बारा-तेरा बोटी फिरतात, त्यांतल्या अर्ध्यांच्या फळ्या मी ठोकल्यात, पण बोट आबांची. त्यात खोटं काही नाही. मग पुण्याची एक कंपनी आली. त्यांना परदेशी वाहिनीसाठी माहितीपट करायचा होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धात नद्यांवर फिरलेल्या वाफेच्या तोफबोटींवर. खरीखुरी तरंगणारी लाकडी बोट हवी होती, पंचेचाळीस फुटांची. आबा म्हणाले, "माझी कंबर आता तेवढा करूची नाय. ह्याका घेऊन जावा. मी करतंय तसाच करता तो."

हे वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आबा कुणाबद्दल असं बोलत नाहीत. बोट तरली नाही तर बुडणार होता त्यांचा शब्द, आणि तोही माझ्या हातून.

सात रस्ता

सोलापुरात उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या दोन वाजताचं होतं. फेब्रुवारी महिना. "सात रस्त्याला उभे राहा, मॅडम न्यायला येतील," असा निरोप होता. उभा राहिलो. फोन केला, "कुठल्या रस्त्याला उभा राहू?" उत्तर आलं, "अहो, सात रस्त्यालाच की." हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन मी तो चौक दोनदा फिरलो. ज्यानं त्यानं मला वेगळा रस्ता दाखवला आणि सगळ्यांनी अगदी मनापासून दाखवला, हे मात्र सांगायला हवं. एका पानवाल्यानं टपरी सोडून मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता.

अश्विनी मॅडम स्कूटरवर आल्या. बार्शीच्या. तिथल्या कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवतात आणि कंपनीनं त्यांना माहिती काढायला घेतलं होतं. त्यांच्याजवळ चार बोटं जाड फाईल होती. माझी पेटी पायाशी, फाईल माझ्या मांडीवर, अशी आमची वरात निघाली. हॉटेलात जेवायला बसलो तर वेटरनं पापड आणून ठेवला. मी मोडून खाल्ला, दुसरा मागितला आणि म्हटलं, आता भाकरी आणा. शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "तीच भाकरी खालाव की तुमी." कडक भाकरी. वर शेंगांची चटणी आणि दही. महिनाभर टिकते म्हणे. आमच्याकडे भात सकाळचा संध्याकाळी चालत नाही.

जेवता जेवताच आमचं पहिलं भांडण झालं.

"तळ पूर्ण सपाट हवा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सपाट तळाची बोट म्हणजे परात. वाऱ्याबरोबर गोल फिरेल."

"ती समुद्रातली नाही, नदीतली आहे. तिथं उन्हाळ्यात कमरेएवढंच पाणी राहायचं. खाली कणा असता तर रुतली असती."

"मग कमरेएवढ्या पाण्यात लढाई करायला कुणी सांगितली होती?"

त्यांनी फाईल उघडली. त्या युद्धात उत्तरेचं सैन्य नद्यांच्या वाटेनं दक्षिणेत शिरत होतं. बोटी कमी होत्या म्हणून मालवाहू आगबोटी विकत घ्यायच्या, त्यांना पातळ लोखंडी पत्रे ठोकायचे, पुढं तोफा बसवायच्या आणि झाली तोफबोट. माहितीपटातली बोट अशा तीन-चार खऱ्या बोटींची मिळून केलेली होती. मला वाटलं होतं, तोफबोट म्हणजे रोज धडाडधूम. मॅडमनी फाईल वाचून दाखवली तर बोट निम्मा वेळ कोळसा भरत होती आणि उरलेला वेळ वाळूत अडकत होती. मधूनच काठावरच्या झाडीतून कुणीतरी गोळ्या झाडायचं.

बोटीची धुराडी करून घ्यायला शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नरसय्यामामांकडे गेलो. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट, कुणी काय बोलतंय ते ओठांवरून ओळखायचं. मामा एका बंद पडलेल्या कापड गिरणीत बॉयलरवर होते, आता पत्र्याचं काम करतात. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बॉयलर कुठं हाय हिचा?"

मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. "डेकवर. पाण्याच्या वर. तळ उथळ ना, खाली जागाच नाही."

"पाण्याच्या वर?" मामांनी चित्र खाली ठेवलं. "मग गोळा लागला की गेले की सगळे. गोळ्यानं नव्हं. वाफेनं."

"बरोबर. तसंच मेले बरेच जण."

"अय्यो." मामांनी चित्र उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "आमचा बॉयलर भिंतीत होता. तरी मी रोज घरातनं निघताना बायकोचं तोंड बघून निघायचो." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "खोटं! डबा बघून निघायचा!"

धुराडी पंधरा दिवसांत देतो म्हणाले.

फुगवट्याकाठी

बोट बांधायची जागा करमाळ्याकडं, उजनी धरणाचं पाणी जिथं मागं पसरतं त्या फुगवट्याच्या काठावर. एवढं पाणी पाहून मला घरच्यासारखं वाटलं आणि तिथंच मी फसलो. पलीकडचा काठ धूसर, मधे वाळलेली झाडं पाण्यात उभी, पाणी मातकट. कंपनीला ते अगदी अमेरिकेसारखं वाटलं. मागं केळीच्या बागा, ऊस, आणि काठाला ओळीनं पाण्याच्या मोटारी.

ज्यांच्या रानात काम होतं ते सदाशिवतात्या. त्यांच्या वस्तीवरच माझी राहायची सोय. पहिल्या दिवशी तात्यांनी मला खाट दिली आणि स्वतः ओट्यावर झोपले. मी कितीही म्हटलं तरी ऐकेनात. "पाव्हणं हाव, खाली झोपलाव तर आमची अब्रू ऱ्हाईल का?" त्यांच्या बायकोनं, काकींनी, धरणातला चिलापी मासा केला, काळ्या तिखटात. डोळ्यांतून पाणी आलं. मी भीत भीत विचारलं, "काकी, खोबरं नाही का घालत?"

"खोबरं देवाला," काकी म्हणाल्या. "माशाला तिखाट."

वीस दिवस मी तिखट खाल्लं आणि त्या बाईनं वीस दिवस रोज विचारलं, "जास्ती झालं न्हाय न्हवं?" मी रोज नाही म्हटलं. एवढ्या मायेनं वाढणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

आता कामाचं. पाण्यापासून बारा पावलांवर ओंडके टाकले आणि त्यावर तळ धरला. माझ्या हाताखाली चार गडी. कामाला वाघ, पण दर तासाला अख्खं गाव बघायला येणार आणि आलेला प्रत्येक जण काहीतरी सुचवणार. मागचं मोठं लाकडी चाक बसवलं तेव्हा तर कहर झाला. या बोटी मागचं चाक पाण्यावर आपटत पुढं जायच्या, आमच्यासारखा पंखा नाही.

"मेस्त्री, ही पीठाची गिरण हाय का वो?"

"बोट आहे, मावशी."

"मग चाक कशापायी?"

"पाणी मागं ढकलायला."

"आन पाणी फुडं आलं तर?"

मी हातोडा उचलला आणि चाकाच्या पलीकडच्या बाजूला कामाला गेलो.

आबांचा रोज संध्याकाळी फोन. एकच प्रश्न. "घातलंस पाण्यात?" मी म्हणायचो, आता थोडं राहिलं. फळ्या पूर्ण झाल्या, फटींत कापूस आणि राळेचं तेल ठासून भरलं. बोटीत फक्त धुराडी नव्हती. शूटिंग पुढचा आठवडा संपल्यावरच्या सोमवारी होतं. शनिवारी, म्हणजे नऊ दिवस हातात असताना, मी धुराडी आणायला सोलापूरला निघालो. निघताना पाहिलं, पाणी बारा पावलांवर होतं ते पंधरावर गेलं होतं. पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावून निघालो.

आता हे नीट सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त याचंच हसू होतं. धरणाला भरती-ओहोटी नसते हे मला कळत नव्हतं असं नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण माझा सगळा जन्म खाडीवर गेला. पाणी मागं गेलेलं दिसलं की आमच्याकडचा माणूस घाबरत नाही, तो विडी ओढतो. जातं ते येतं. ही खात्री डोक्यात नसते, अंगात असते. मीही तसाच निघालो.

पुन्हा शहरात

धुराडी तयार नव्हती. नरसय्यामामांच्या मेहुण्याकडे लग्न निघालं होतं. "लग्न काय मी काढलं का?" मामा म्हणाले. तेही खरंच. चार दिवस मी त्यांच्याकडे राहिलो, दोन जेवणं लग्नात जेवलो आणि पत्रा कापायला मदत केली. त्या घरात पाणी चार दिवसांआड येतं. पिंप, घागरी, कळशा, बाटल्या, इतकंच काय, जुना प्रेशर कुकरही भरून ठेवलेला. मी सकाळी अंघोळीला दोन तांबे जास्त घेतले आणि नंतर कळल्यावर लाजेनं मेलो.

बुधवारी सकाळी गल्लीत एकदम आरडाओरडा. नळ आला होता, आणि धो धो आला होता. मामांच्या बायकोनं मला हाताला धरून नळापाशी नेलं, जणू पाहुणा दाखवायला. "बघा, कसं येवालंय! धरणातनं सोडलंय म्हणं. आता उन्हाळ्याची काळजी मिटली." सगळी गल्ली हसत होती. मीही हसलो. ओंजळ भरून प्यालोसुद्धा.

तेवढ्यात अश्विनी मॅडमचा फोन आला. त्या बोटीपाशी होत्या.

"मेस्त्री, बोट पाण्यापासून किती लांब ठेवायची असते?"

"बारा-पंधरा पावलं. का?"

"नाही, मी मोजली. एकशे चाळीस."

दुसऱ्या हातातलं पाणी मी खाली सोडलं. मामांची बायको ओरडली, "सांडू नका वो!"

गाळ

टेम्पोत नुकतीच पुरी झालेली धुराडी, धुराड्यांवर नरसय्यामामा, कारण आपली धुराडी दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. संध्याकाळच्या आत पोचलो. बोट होती तिथंच होती, ओंडक्यांवर, दिमाखात. तिच्या पुढं काळा, चकाकणारा, भेगा पडायला लागलेला गाळ, आणि पाणी लांब कुठंतरी पत्र्यासारखं चमकत होतं.

"तात्या," मी म्हटलं, "पाणी कुठं गेलं?"

"खाली सोडलं की. शेताला, सोलापूरला. दर साली सोडत्यात."

"आणि हे मला कुणी सांगायचं?"

तात्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "आमाला वाटलं तुमाला ठाव हाय. एवढं समिंदरातलं मानूस! म्हनलं, यांची काय तर युक्ती असंल."

अख्ख्या गावाला वाटलं होतं! वीस दिवस ज्यांनी मला खिळा कसा ठोकायचा हे शिकवलं, चाकाला रंग कुठला द्यायचा हे सांगितलं, त्यांतल्या एकालाही ही एक गोष्ट बोलावीशी वाटली नाही. राग कुणावर काढायचा? काकी पाणी घेऊन आल्या. मी ते प्यालो आणि रागावायचं राहून गेलं.

गुरुवारी आमच्याकडची पद्धत केली. खाली आडवे ओंडके, पुढं दोर, तीस माणसं, एकानं आरोळी द्यायची आणि सगळ्यांनी एकदम ओढायचं. माणसं आली पन्नास. आरोळी दिली दहा जणांनी, दहा वेगवेगळ्या वेळी. बोट चार हात सरकली आणि पुढचे ओंडके गाळात गडप. मग दोन ट्रॅक्टर लावले. बोटीचा सांगाडा असा करकरला की मी ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन आडवा उभा राहिलो.

मग मॅडम फाईल घेऊन आल्या. "तिकडं वाळूत अडकल्यावर काय करायचे माहीत आहे? नाकाडाशी दोन उंच खांब वाळूत रोवायचे, दोर-कप्पी लावून बोटीचं तोंड त्यावर उचलायचं आणि चाक फिरवून पुढं ढकलायचं. एकेक पाऊल. टोळासारखी."

करून पाहिलं. बोटीचं तोंड उचललं गेलं नाही, खांबच खाली गेले. दोन्ही. सागाचे होते. अजून तिथंच असतील.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "घातलंस?" मी म्हटलं, "उद्या." आयुष्यात आबांशी खोटं बोलायची ती दुसरी वेळ. पहिली वेळ शाळेची होती.

त्याच वेळी पुण्याहून निरोप आला. रविवार संध्याकाळपर्यंत बोट तरंगती नसेल तर सांगा, बोट संगणकावर करू. बांधलेली मोडून लाकूड परत पाठवा. मॅडमनी तो निरोप मला वाचून दाखवला नाही, नुसता फोन पुढं केला. भल्या बाई. मी एकेक अक्षर लावत वाचला.

चारी

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे बोटीच्या सावलीत बसलो होतो. मी, मॅडम, तात्या, नरसय्यामामा. दुसरी सावली तिथं नव्हतीच. मॅडम कंटाळून फाईल चाळत होत्या. "एका नदीत तर अख्खा ताफाच अडकला होता. पाणी उतरलं आणि मोठमोठ्या तोफबोटी खडकांच्या मागं राहिल्या. शत्रू मागं. बोटी जाळून टाकायची वेळ आली होती."

"मग?" मामांनी विचारलं.

"एक अधिकारी होता, मूळचा लाकडाच्या धंद्यातला. त्यानं सैनिकांना नदीत उतरवून दोन्ही काठांनी बांध घातला. पाणी चढलं आणि बोटी सुटल्या."

तात्या तंबाखू मळत होते, थांबले. "म्हंजी बोटीकडं पाणी आनलं."

"हो."

"आवो मग तेवढंच की! आमी दर उन्हाळी करतोय. मोटार पाण्याकडं न्यायची न्हाय, पाणी मोटारीकडं आनायचं. चारी मारायची."

चारी म्हणजे चर. पाणी मागं हटलं की इथले शेतकरी गाळातून लांबच लांब चर खणतात, चराच्या तोंडाला खड्डा करतात आणि मोटार तिथं ठेवतात. वीस दिवस मी त्या चरांवरून उड्या मारत आंघोळीला जात होतो.

"तात्या, हे काल का नाही सांगितलं?"

"काल तुमी खांब रवत हुता. मधी कसं बोलायचं?"

मी डोकं बोटीला टेकलं.

पण नुसतं सुचून भागत नव्हतं. मोटारीची चारी तीन फूट रुंद, बोटीला हवी चौदा फूट. आणि मधल्या गाळात शेजारच्या रानातल्या दत्तूआण्णांनी मका पेरला होता. पाणी हटून चार दिवस नाही झाले तर पेरणीसुद्धा! गाळाची जमीन कुणी मोकळी सोडत नाही इथं. दत्तूआण्णा आणि तात्या यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, म्हणजे बोलायचे, पण तिसऱ्या माणसाकडं बघून. तो तिसरा माणूस मी झालो.

"मेस्त्री, त्यास्नी इचारा, बोट गेल्यावर चारी कुनाची?" दत्तूआण्णा माझ्याकडं बघून.

"मेस्त्री, सांगा त्यास्नी, चारी समद्यांची," तात्या माझ्याकडं बघून.

"मंग पैली मोटार कुनाची बसंल ते बी इचारा."

"इचारायचं काय त्यात? ज्याचा मका ग्येला त्याची."

दत्तूआण्णा उठले, थेट तात्यांकडं बघत म्हणाले, "मंग आदीच बोलायचं की, पाव्हण्याला कशाला उनात बशिवला!" आणि खोदाईचं पोकलेन मशीन बोलवायला निघून गेले.

दीड दिवस मशीन चाललं. शनिवारी दुपारी पाणी चरातून आलं, पण बोटीपासून वीस पावलांवर थांबलं, कारण पुढं चढ होता. मग चराच्या मधोमध बांध घातला आणि पाच मोटारी लावून पलीकडचं पाणी अलीकडं उचलायला सुरुवात केली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती म्हणून जमलं. लाईट आली की जल्लोष, गेली की शिव्या. रविवारी सकाळपर्यंत पाणी ओंडक्यांना लागलं. दुपारी तळाला लागलं. गाव काठावर बसलेलं. मी बोटीला हात लावून उभा.

बोट उचलली जाईना. मी आत उडी मारली. आत घोट्यापर्यंत पाणी.

महिनाभराच्या, त्यातही शेवटच्या आठ दिवसांच्या उन्हानं फळ्या वाळून आक्रसल्या होत्या. आमच्याकडच्या हवेत असं होत नाही, हवाच ओली. इथं एकेका फटीतून दिवस दिसत होता आणि जिथून दिवस दिसत होता तिथून पाणी येत होतं. जेवढं पाणी आम्ही तीन दिवस बोटीकडं आणत होतो तेवढं बोट शांतपणे आत घेत होती. मी फळीवर खाली बसलो.  आबांचं ते वाक्य कानात होतं, मी करतंय तसाच करता तो.

"ए मेस्त्री!" वरून नरसय्यामामा ओरडले. ते धुराड्याला तार ओढत होते. "बसलाव काय? एक मोटार आत टाक की!"

"आत?"

"आतलं पाणी भाईर काढ! बॉयलरची नळी गळाली म्हणून आमी काय गिरणी सोडून पळालो?"

मॅडमनी काठावरून ओरडून भर घातली, "खऱ्या बोटींवरसुद्धा पंप सारखे चालूच असायचे!"

बोटीकडं पाणी आणायला पाच मोटारी, बोटीतून पाणी काढायला एक. माझ्या घराण्यात असलं काम कुणी केलं नसेल. मी, चार गडी आणि दत्तूआण्णा आत बसून फटींत कापूस कोंबत होतो. काकींनी आणि शेजारच्या बायकांनी जुन्या गोधड्या फाडून चिंध्या दिल्या. तासाभरानं फटी आवळायला लागल्या. लाकूड पाणी पिऊन फुगतं, त्याला वेळ द्यावा लागतो. पाणी घोट्यावरून बोटांवर आलं. मग पायाखाली काहीतरी हललं. फार नाही. झोपलेल्या म्हशीनं कूस बदलावी तेवढं. मी वाकून खाली पाहिलं, ओंडका आणि तळ यांच्यामधून पाणी वाहत होतं.

मी आबांना फोन केला. बोट पाण्यात आहे एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "पाणी किती घेता?"

"घेता हा. पण कमी झाला."

"मग फुगतली ती. ठेव पाण्यात. भिया नको."

सोमवार

सोमवारी गाड्यांची रांग लागली. दिग्दर्शक साहेब उतरले, त्यांनी बोटीकडं नजर टाकली न टाकली आणि चराकडं बघत म्हणाले, "वा! हा कालवा फार सुंदर दिसतोय. हे कुणाला सुचलं?" तात्या तंबाखू मळायला लागले.

मधला बांध फोडून बोट चरातून मोकळ्या पाण्यात काढली. चाक आत लपवलेल्या डिझेल इंजिनावर फिरत होतं. धूर मात्र खरा, धुराड्याखाली उसाचं ओलं पाचट जाळून केलेला, आणि त्याच्यावर नरसय्यामामांचा बंदोबस्त. लोकरी गणवेश घातलेले, पुण्यात शिकणारे परदेशी गोरे विद्यार्थी त्या उन्हात उकडून निघत होते. पहिला प्रसंग असा: बोट जाताना धूर दिसतो, काठावरच्या झाडीतून गुलामीतून पळालेली माणसं धावत येतात, आणि मागून गोळ्या येत असताना बोट त्यांच्यासाठी पुन्हा काठाला लागते. फाईलमधलं हे पान मॅडमनी मला आधीच वाचून दाखवलं होतं. तशी माणसं खरंच यायची, आणि मग त्याच बोटींवर भट्टीत कोळसा टाकायचं काम करायची.

ती माणसं झालेले चौघे पुण्यात शिकणारे आफ्रिकेतले तरुण होते. मी चाकाजवळ लपून बसलो होतो. त्यांतल्या एकानं पाण्यात पळत येऊन बोटीची कड धरली, वर चढला आणि फळीवर आडवा पडला. कॅमेरा थांबल्यावरही तो थोडा वेळ तसाच पडून होता. मग माझ्याकडं बघत त्यानं हातानं फळी थोपटली, दोनदा. हिंदीत म्हणाला, "मजबूत है?" मी म्हटलं, "है." माझ्या आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

हाच प्रसंग साहेबांनी सात वेळा घेतला. सात वेळा बोट काठाला लागली, सात वेळा अकरा माणसं घेऊन सुटली, आत पाणी तळव्याच्या वर आलं नाही. संध्याकाळी ते म्हणाले, छान झालं, आता मोडून टाका.

"मोडायची कशापायी?" तात्या म्हणाले. "आमी केळी न्हेऊ की पल्याड."

मॅडम हसल्या. खऱ्या बोटींचंही तेच झालं म्हणाल्या. युद्ध संपल्यावर पत्रे काढले, तोफा उतरवल्या आणि त्या पुन्हा कापूस वाहायला लागल्या.

प्लायवूडचा वरचा भाग आणि नळीच्या तोफा पुण्याला गेल्या. धुराडी नरसय्यामामा परत घेऊन गेले, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मला मंगळवारी दुपारची गाडी होती. सकाळी तात्या आणि मी रात्रीपुरती चराच्या तोंडाशी ठेवलेली बोट पुन्हा मोकळ्या पाण्यात आणली. आता ती बांधायची होती. मी खांब आणि दोर घेऊन काठाशी उभा राहिलो. पाणी शांत होतं, खाडीसारखंच. हात नेहमीप्रमाणे काठापाशीच खांब रोवायला निघाला होता. मी थांबलो.

"तात्या, पाणी उद्या कुठवर असेल?"

तात्यांनी धोतर वर खोचलं, पाण्यात चालत गेले, मांडीपर्यंत पाण्यात उभे राहिले. "उद्या हितं."

"आणि आठ दिवसांनी?"

ते आणखी पुढं गेले. छातीपर्यंत. तिथून हात वर करून ओरडले, "हितं!" मी खांब खांद्यावर घेतला आणि त्यांच्या मागं पाण्यात उतरलो.